दोन टेपा, २८० दिवस: गर्भधारणेपासून पाळी जाईपर्यंतचा अभ्यास दिवस मोजून कसा करावा

एमबीबीएसमध्ये प्रजनन आणि वाढ हा विषय तुकड्यातुकड्यांनी समोर येतो. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत गर्भविज्ञान, फिजिऑलॉजीत पाळीचं चक्र, पुढे गायनॅकच्या पोस्टिंगला गरोदरपण, पेडियाट्रिक्सला बाळाची वाढ. पाळी जाण्याचा भाग तर शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकला जातो. प्रत्येक तुकडा पाठ असतो. आणि मग ओपीडीत एखादी बाई विचारते, "दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी तापाच्या गोळ्या घेतल्या होत्या, बाळाला काही होईल का?" औषधांची यादी पाठ असलेला विद्यार्थी तिथे अडतो, कारण गोळी घेतली त्या दिवशी गर्भ किती दिवसांचा होता हे मोजायची सवयच त्याला लागलेली नसते.

माझा आग्रह एकच आहे. हा विषय अवयवांच्या क्रमाने न शिकता दिवसांच्या क्रमाने शिका. पुढे दिलेली पद्धत मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेते. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ती जमते आणि इंटर्नशिपपर्यंत पुरते.

आधी टेप तयार करा

शिंप्याकडे असते तशी १५० सेंटीमीटरची टेप कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळते. दोन घ्या. दुसरीचे पहिले १३० सेंटीमीटर ठेवून बाकीची कापा आणि पहिलीच्या शेवटाला चिकटवा. झाली २८० सेंटीमीटरची पट्टी. एक सेंटीमीटर म्हणजे एक दिवस. होस्टेलच्या खोलीत भिंतीवर आडवी लावा.

आता दोन रंगांची पेनं घ्या. निळ्या पेनाने शून्यापासून दर सात सेंटीमीटरवर खूण करा. हे झाले आठवडे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले. डॉक्टर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, गरोदर बाईचं कार्ड, सगळे याच घड्याळावर चालतात. मग १४ सेंटीमीटरवर लाल पेनाने दुसरा शून्य काढा. हे फलनाचं घड्याळ. गर्भविज्ञानाचं पुस्तक याच घड्याळावर चालतं. दोन्हींत चौदा दिवसांचा फरक आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, आणि वॉर्डात होणाऱ्या निम्म्या चुका या चौदा सेंटीमीटरमधून येतात. पुस्तकात 'चौथा आठवडा' लिहिलेलं असतं, तेव्हा कार्डावर सहावा आठवडा चालू असतो. आजपासून आठवडा उच्चारलात की कोणत्या रंगाचा, हे मनातल्या मनात स्वतःला विचारा.

आता लाल घड्याळावरच्या घटना एकेक करून लिहा. लाल शून्यावर बीजांड बाहेर पडतं आणि बीजवाहिनीच्या रुंद भागात, ॲम्प्युलात, फलन होतं. बीजांड जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस टेपवर मुख्यतः ९ ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान पडतात. लाल ४ च्या सुमारास पेशींचा गोळा गर्भाशयात उतरतो, लाल ६ ला अस्तराला चिकटू लागतो आणि लाल १० पर्यंत आत रुतून बसतो. निळ्या घड्याळावर तेव्हा २४ सेंटीमीटर झालेले असतात. बाईला अजून काहीही कळलेलं नाही. पाळी चुकायला आणखी चार दिवस आहेत.

लाल १५ ला गर्भाच्या चकतीवर एक रेघ, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, दिसते आणि दोन थरांचे तीन थर होऊ लागतात. लाल २२ ला हृदय धडधडू लागतं. त्याच सुमारास मज्जानलिका, म्हणजे जिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी, मिटायला सुरुवात होते. तिचं वरचं तोंड लाल २५ ला बंद होतं, खालचं लाल २८ च्या आसपास. हाताचा अंकुर लाल २६ ला, पायाचा लाल २८ ला. मग लाल ५६ वर जाड रेघ मारा, म्हणजे टेपवर ७० सेंटीमीटरला. इथे भ्रूणावस्था संपते. आतडं अजून नाळेतून परत पोटात शिरायचं आहे, तोंडातली टाळूही पूर्ण जुळायची आहे, पण बहुतेक अवयवांचा पाया घातला गेलेला असतो.

आता दोन पावलं मागे सरका आणि भिंतीकडे बघा. २८० सेंटीमीटरच्या पट्टीत अवयव घडण्याचं काम २८ ते ७० च्या मधल्या एका हातभर तुकड्यात आटोपलेलं आहे. उरलेली दोन मीटर पट्टी मुख्यतः वाढण्याची आणि परिपक्व होण्याची. हे चित्र एकदा डोळ्यात बसलं की पुढची बरीच पाठांतरं लागत नाहीत.

टेपवर बोट ठेवून उत्तर द्या

पहिलं उदाहरण फॉलिक ॲसिडचं. पाळी २८ ला चुकते. बाई आठवडाभर वाट बघते, ३५ च्या सुमारास घरी टेस्ट करते, सासूला सांगते, आणि बऱ्याचदा ५६ ला, म्हणजे दोन महिने भरल्यावर, ओपीडीत येते. आपण तिला फॉलिक ॲसिड लिहून देतो. टेपवर बघा: मज्जानलिका ४२ ला मिटली. गोळी चौदा सेंटीमीटर उशिरा पोचली. म्हणून ही गोळी गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू झाली पाहिजे, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असेल तर दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम. गरोदरपणी आपल्याकडे १८० दिवस देतात ती ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मुख्यतः रक्तक्षयासाठी आहे. ती आवश्यकच आहे, पण या कामासाठी ती उशिरा येते. लग्नानंतर पहिल्यांदा कुठल्याही तक्रारीसाठी आलेल्या मुलीला "बाळाचा विचार आहे का?" हे विचारणं म्हणून महत्त्वाचं. ती सर्दीसाठी आलेली असली तरी विचारा.

दुसरं उदाहरण सुरुवातीच्या गोळ्यांच्या प्रश्नाचं. गोळी नेमकी कधी घेतली हे आधी तारखेने विचारा, मग टेपवर बोट ठेवा. शेवटच्या पाळीपासून विसाव्या दिवशी घेतली असेल तर लाल ६. पहिल्या दोन लाल आठवड्यांत घातक औषधाचा परिणाम साधारण 'सगळं किंवा काहीच नाही' असा असतो: गर्भ टिकत नाही किंवा निर्वेध वाढतो. लाल तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात मात्र कोणता दिवस होता यावर कोणता अवयव बिघडेल हे ठरतं. थॅलिडोमाइडने हे जगाला फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. १९५७ ते १९६१ या काळात ते उलटी-मळमळीसाठी आणि झोपेसाठी अनेक देशांत विकलं गेलं. धोक्याची खिडकी होती शेवटच्या पाळीपासून साधारण ३४ ते ५० दिवस. टेपवर तेवढा तुकडा रंगवा. हातापायांचे अंकुर नेमके त्यातच फुटतात हे दिसेल. गरोदर बायकांना मळमळ सुरू होते तीही याच दिवसांत. म्हणून ते औषध इतक्या जणींपर्यंत त्याच दिवसांत पोचलं.

एक सावधगिरी. टेपने प्रश्न नीट मांडता येतो, उत्तर देण्याचा अधिकार त्याने येत नाही. काही औषधं बंद केल्यावरही शरीरात बराच काळ रेंगाळतात. विद्यार्थी असताना "काही होणार नाही" असं परस्पर सांगू नका. औषधाचं नाव, डोस, निळा दिवस आणि लाल दिवस कागदावर लिहा आणि मॅडमना दाखवा.

पाळीची तारीख विचारणं ही कला आहे

टेपचा शून्यच चुकला तर पुढचं सगळं चुकतं. "एलएमपी (शेवटच्या पाळीचा पहिला दिवस) काय?" असं विचारून पहिल्याच फटक्यात बरोबर तारीख मिळते हा भ्रम सोडा. पुष्कळ बायका पाळी संपल्याची किंवा डोक्यावरून पाणी घेतल्याची तारीख सांगतात, म्हणजे चौथा-पाचवा दिवस. "अडचण सुरू झाली तो दिवस कुठला?" असं साध्या शब्दांत विचारा. तारीख आठवत नसेल तर सण विचारा. भिंतीवरचं कालनिर्णय बहुतेक घरांत असतं आणि पाळी देवाधर्माच्या दिवसांच्या आड आली की ती लक्षात राहते. "गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मला आली." २०२४ साली गौरी विसर्जन १२ सप्टेंबरला होतं, म्हणजे तारीख १३ सप्टेंबर.

पण सणाशी जोडलेल्या तारखेत एक मोठा खड्डा आहे. गणपती, लग्न, पूजा, यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, मेडिकलमधून परस्पर आणून. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी येतो तो रक्तस्राव गोळीचा असतो. तो नेहमीच्या चक्रातला नसतो, म्हणून त्यावरून धरलेला चौदावा दिवस भरवशाचा नाही. बाई स्वतःहून हे सांगत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते औषध नव्हेच. तुम्ही विचारायचं: "सणाच्या वेळी पाळी पुढे ढकलायला काही घेतलं होतं का?" तसंच बाळाला अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील तर तारीखच नसते. तिथे ओढूनताणून तारीख लिहू नका, 'माहीत नाही' असं स्वच्छ लिहा.

महिन्यांच्या भाषेतही फरक आहे. "पाचवा लागलाय" म्हणजे चार महिने पूर्ण झाले. "पाच झाले" म्हणजे पाच पूर्ण. दोन वाक्यांत चार आठवड्यांचं अंतर आहे आणि केसपेपरवर दोन्ही 'पाच महिने' म्हणून उतरतात.

तारीख पक्की झाली की जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाचा नियम लावा: नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. आपल्याकडच्या 'नऊ महिने नऊ दिवसां'च्या अगदी जवळ जाणारा हिशोब. १३ सप्टेंबर २०२४ ला नऊ महिने मिळवले की १३ जून २०२५, आणि सात दिवस, २० जून. कॅलेंडरवर मोजून बघा, बरोबर २८० दिवस भरतात.

हा नियम अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी आहे. बीजांड सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण चौदा दिवस. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे बेचाळीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीजांड चौदाव्या दिवशी सुटत नाही, अठ्ठाविसाव्या दिवशी सुटतं. तिची पाळी १० जूनची असेल तर नियमाने १७ मार्च येईल, पण तिच्यासाठी त्यात आणखी चौदा दिवस मिळवून ३१ मार्च धरायचं. टेपच्या भाषेत, लाल शून्य १४ वरून उचलून २८ वर ठेवायचा.

हे मला एका बाळाने शिकवलं. मी इंटर्न होते. आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवायला आलेली बाई, लवकरची सोनोग्राफी नाही. मी तारीख विचारली, हिशोब केला, कार्डावर लिहिलं. पाळी किती दिवसांनी येते हे विचारलं नाही. पुढे 'तारीख उलटून आठवडा झाला' म्हणून तिला कळा आणण्याचं औषध दिलं गेलं. बाळ आलं ते खांद्यावर मऊ लव असलेलं, तळव्यांवर रेषा कमी, आणि श्वास घेताना कण्हणारं. तीन दिवस ते नवजात कक्षात होतं. बाळ बरं होऊन घरी गेलं. त्यानंतर तिच्या आईशी बोलताना कळलं की मुलीची पाळी पहिल्यापासून दोन-दोन महिन्यांनी येते. म्हणजे एक्केचाळीस आठवडे समजत होतो ते जेमतेम साडेछत्तीस होते. कार्डावरची गर्भाशयाची उंचीही कमीच भरत होती, आणि आम्ही 'बाळ लहान आहे' असा शेरा मारून पुढे गेलो होतो. तेव्हापासून एलएमपीच्या शेजारी चक्राचे दिवस लिहिल्याशिवाय मी पुढचा रकाना भरलेला नाही, विद्यार्थ्यांनाही भरू देत नाही.

तारखेची सर्वांत भरवशाची पडताळणी पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत होते. साधारण सात ते चौदा निळ्या आठवड्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतं. नंतर बाळाबाळांत फरक पडत जातो. म्हणून एकदा लवकरच्या सोनोग्राफीने तारीख ठरली की आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवरून ती बदलायची नाही. आठव्या महिन्यात बाळ तीन आठवड्यांनी लहान दिसलं तर त्याची वाढ खुंटली आहे का हे शोधायचं. तारीख पुढे सरकवली तर तो धोका कागदाखाली झाकला जातो.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करतात तेव्हा, लाल शून्य मिनिटापर्यंत माहीत असतो, हे एक सुख. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसात २६१ मिळवा. का? २८० मधून चौदा आणि पाच वजा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली आयव्हीएफचं बाळ जन्मलं, तेव्हा हे दुर्मीळ होतं. आता जिल्ह्याच्या गावीही अशा गरोदर बाया ओपीडीत येतात, त्यामुळे हा हिशोब यायलाच हवा.

तीच टेप पोटावर

गर्भाशयाची उंची मोजताना न ताणली जाणारी टेप वापरा, कापडी टेप वापरून वापरून लांबते. आधी बाईला लघवी करून यायला सांगा. भरलेलं मूत्राशय उंची सेंटीमीटरांनी वाढवतं. पडदा ओढा, परवानगी घ्या, हात चोळून कोमट करा. पाय सरळ. गर्भाशय बहुधा उजवीकडे कललेलं असतं, ते हलकेच मध्यावर आणा. डाव्या तळहाताची करंगळीकडची कड छातीच्या हाडाखालून हळूहळू खाली आणा. पहिला भरीव अडथळा लागेल तो गर्भाशयाचा माथा. तिथून जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) वरच्या कडेपर्यंत टेप धरा, आणि हे महत्त्वाचं: आकड्यांची बाजू खाली ठेवा. अपेक्षित आकडा डोळ्यांसमोर असला की बोट नकळत तिकडे सरकतं. मोजून झाल्यावर टेप उलटून वाचा.

चोविसाव्या आठवड्यानंतर सेंटीमीटर आणि आठवडे जवळपास सारखे यावेत, दोन इकडेतिकडे. बेंबीपाशी माथा येतो तो कुठे विसाव्या आठवड्यात, कुठे चोविसाव्यात लिहिलेला सापडेल. त्यावर वाद घालत बसू नका, बेंबीची जागा बाईबाईत बदलते. टेपला धरून राहा. आकडा जुळला नाही तर आधी तारीख तपासा. मग जास्त असल्यास जुळं, पाणी जास्त, गाठ. कमी असल्यास खुंटलेली वाढ, पाणी कमी, आडवं बाळ.

मुलगा की मुलगी, आणि तोंड बंद

लाल सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्हींची जननेंद्रियं सारखी दिसतात. वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकामुळे सातव्या आठवड्यात वृषण घडू लागतं. त्यातल्या सर्टोली पेशींचं संप्रेरक स्त्रीकडच्या नलिका मिटवतं, लायडिग पेशींचं टेस्टोस्टेरॉन पुरुषाकडच्या नलिका टिकवतं. बाह्य अवयवांसाठी त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन व्हावं लागतं. ही साखळी नीट समजली की जन्मतः लिंग संदिग्ध असलेल्या बाळाचा विचार करता येतो.

सोनोग्राफीच्या खोलीत पोस्टिंग लागेल तेव्हा नातेवाईक हमखास तुम्हालाच गाठतील, कारण तुम्ही धाकटे. शब्दाने, खुणेने, पेढा-जिलेबीच्या सांकेतिक भाषेत, कशानेही लिंग सांगणं गुन्हा आहे. याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ चा.

जन्म आणि पुन्हा दोन घड्याळं

फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट साधारण चोविसाव्या निळ्या आठवड्यापासून तयार होऊ लागतं, पुरेसं व्हायला चौतिसावा-पस्तिसावा उजाडतो. म्हणून चोवीस ते चौतीस आठवड्यांत बाळंतपण होण्याची चिन्हं दिसली की आईला स्टेरॉइड देतात: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार डोस. आईला स्टेरॉइड देण्याचा हा फायदा न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ साली दाखवून दिला. इथेही निर्णय आठवड्यावर अडलेला आहे, म्हणजे पुन्हा त्या कार्डावरच्या तारखेवर.

लेबर रूममध्ये पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला ॲपगार गुण (बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल बघून द्यायचे) द्या, पण श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करण्यासाठी गुणांची वाट बघू नका. वार पडल्यावर ती पूर्ण आली का हे ताटात पसरून बघा. चीक फेकू देऊ नका. पहिल्या तासात बाळ छातीला लागलं पाहिजे.

वॉर्डातून बाळ घरी गेलं की दोन घड्याळांचा घोळ पुन्हा सुरू होतो. बत्तीस आठवड्यांना जन्मलेलं बाळ चार महिन्यांचं झालं. आजी काळजीत: "शेजारचं याच्याच वयाचं, मान धरतं, हे धरत नाही." ते आठ आठवडे लवकर आलं आहे. चार महिन्यांतून दोन वजा करा. विकासाच्या दृष्टीने ते दोन महिन्यांचं आहे. या वयात ते ओळखीचं हसलं पाहिजे, मान मात्र अजून डळमळेल. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची. लसींसाठी मात्र नाही. लस जन्मतारखेप्रमाणेच. ही चूक मी वारंवार बघते: 'बाळ लहान आहे' म्हणून लस पुढे ढकललेली असते, आणि ज्या बाळाला संसर्गाचा धोका सर्वांत जास्त तेच उघडं राहतं.

पूर्ण दिवसांच्या बाळाचे आकडे थोडक्यात. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं, दहाव्या दिवसापर्यंत भरून यावं. पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट, वर्षाला तिप्पट. लांबी जन्मतः ५० सेंटीमीटर, वर्षाला ७५, चार-साडेचार वर्षांना १००. डोक्यावरची टाळू बारा ते अठरा महिन्यांत भरते. टप्पे विचारताना आईचे शब्द वापरा: मान कधी धरली, पालथा कधी पडला, आधाराशिवाय कधी बसला. आणि एका भेटीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, आलेखावरची रेघ कुठे चालली आहे ते बघा.

न्हाण येण्याआधीची दोन वर्षं

"मुलीला न्हाण आलंय, आता उंची वाढायला टॉनिक द्या." ही मागणी येते तेव्हा बहुतेक उंची वाढून झालेली असते. मुलींत पहिली खूण असते छातीला कळी फुटण्याची, आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान. उंचीची झपाट्याची वाढ त्यानंतर लगेच येते. पाळी येते ती सुमारे दोन-अडीच वर्षांनी, आणि त्यानंतर सरासरी पाच ते सात सेंटीमीटरच वाढ उरते. म्हणून उंचीची शंका असेल तर मुलीला पाळीची वाट न बघता आणायला सांगा. मुलग्यांत पहिली खूण आवाज फुटणं किंवा मिसरूड नव्हे, वृषणाचं आकारमान ४ मिलिलिटर होणं. ते वेगवेगळ्या आकारांच्या मण्यांच्या माळेशी ताडून मोजतात, आणि मुद्दाम बघितल्याशिवाय कळत नाही. मुलीत आठ आणि मुलग्यात नऊ वर्षांच्या आधी खुणा दिसल्या तर लवकर. मुलीत तेरापर्यंत, मुलग्यात चौदापर्यंत काहीच नाही तर उशीर. दोन्ही वेळा तपासणी लागते.

पाळी सुरू झाल्यावरची पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असू शकते, कारण बीजांड दर महिन्याला सुटत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या कागदावर तेवढ्यावरून पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरक-विकार) लिहू नका. ते लेबल ती लग्नापर्यंत वागवते.

बीजाचं घड्याळ

पाचव्या महिन्याच्या स्त्रीगर्भात सुमारे सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाखच उरतात, वयात येताना काही लाख. आयुष्यात सुटतात चारशे-पाचशे. ज्या उरतात त्या पहिल्या विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात थांबून राहिलेल्या असतात, चाळिशीतल्या बाईचं बीजांड चाळीस वर्षं त्याच अवस्थेत. गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं ते यामुळे.

पुरुषाचं घड्याळ उलट आहे, कारखाना रोज चालू. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. आजचा नमुना अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आज आकडा कमी दिसेल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर माणसाला वंध्य ठरवू नका.

एक वर्ष प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा बाई पस्तिशीची असेल तर सहा महिने, की दोघांची तपासणी एकाच दिवशी सुरू करा. बाईच्या तीन-तीन सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण सगळं झालेलं आहे आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी एकदाही झालेली नाही, अशा फायली अजूनही माझ्यासमोर येतात. ती सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची चाचणी आहे. केसपेपरवर नवऱ्याचं नाव लिहिता त्याच ओळीत त्याच्या रिपोर्टची तारीख लिहा.

शेवटची पाळी मागे वळूनच कळते

पाळी गेली हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. सलग बारा महिने आली नाही की मागे मोजून म्हणायचं, ती शेवटची होती. भारतीय स्त्रियांत हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला होतं, पाश्चात्त्य देशांतल्या एक्कावन्नच्या बरंच आधी. चाळिशीच्या आत गेली तर वयाचं कारण धरून गप्प बसू नका, तपासणी करा. मधल्या अनियमित काळात दिवस राहू शकतात हे बायकांना कुणी सांगत नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं.

आणि त्या बारा महिन्यांनंतर एक थेंब रक्त दिसलं तरी ते पाळी परत येणं नसतं. बाई मात्र तसंच समजते, कधी बरंही वाटतं तिला, आणि घरी कुणाला बोलत नाही. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर नाही ना हे पाहिल्याशिवाय तिला परत पाठवायचं नाही. म्हणून मेडिसिनच्या वॉर्डात गुडघेदुखीसाठी किंवा बीपीसाठी आलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या मावशींनाही, नातेवाईक बाहेर गेल्यावर, हळू आवाजात दोन प्रश्न विचारा: "पाळी जाऊन किती वर्षं झाली? आणि त्यानंतर कधी कपड्याला डाग दिसला का?"